नकाशाला महिना नसतो

घराच्या नकाशावर कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण असतो, खाली प्रमाण लिहिलेलं असतं, भिंतीची जाडी, दाराची रुंदी, संडासाची खिडकी, सगळं जागच्या जागी असतं. महिना तेवढा कुठेच नसतो. इंजिनिअर साहेबांच्या कागदावरचं घर बारमाही एकाच हवेत उभं असतं, आणि ती हवा बहुधा पुण्याची असते.

बुलडाणा जिल्ह्यात हे चालत नाही. आमचा जिल्हाच मुळात दुमजली आहे. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. वरच्या मजल्यावरच्यांना उन्हाळ्यात रात्री निदान वारा तरी लागतो. खालच्या मजल्यावर मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही. आमचं नवं घर खालच्या मजल्यावर, नांदुरा तालुक्यात, गावाला लागून असलेल्या जागेत व्हायचं होतं. साहेबांनी नकाशा दिला: तीन बेडरूम, हॉल, किचन, पोर्च. कागद मोठा देखणा होता. मग घरातल्यांनी त्यात सुधारणा सुचवायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आलं की आम्ही एका छपराखाली राहत असलो तरी एका महिन्यात राहत नाही.

बाबा राहतात कार्तिकापासून पौषापर्यंत. त्यांनी नकाशा हातात घेतला, चष्मा लावला आणि एकच प्रश्न केला, "कापूस कुठी ठेवाचा?" साहेब म्हणाले, "स्टोअर दिली आहे ना." ती स्टोअर म्हणजे लोणच्याची बरणी आणि नवऱ्याचा राग एवढंच मावेल अशी. साहेब नवखे. कापूस घरात ठेवणं ही साठवण नसते, आशा असते, आणि आशेला जागा फार लागते. २०२२ च्या सुरुवातीला क्विंटलला १०,००० च्या वर भाव गेला होता. पुढच्या हंगामात तेवढ्याच भावाची वाट पाहत लोकांनी कापूस घरात दाबून ठेवला, आणि भाव काही तिकडे फिरकला नाही. त्या वर्षी कित्येक घरांतली बेडरूम छतापर्यंत पांढरी झाली होती. माणसं ओसरीत झोपत होती आणि अंग खाजवत होती. म्हणून बाबांच्या मते घराला आधी कापसाची खोली, मग उरलेल्या जागेत कुटुंब.

आजी राहते वैशाखात. तिचा मुद्दा कूलरचा होता. विदर्भात कूलर हा घरातला सदस्यच, रेशनकार्डावर नाव नाही इतकंच. पण नकाशात त्याला जागा कुणी देत नाही. त्याला खिडकीबाहेर सावलीतली जागा लागते, पाण्याचा नळ लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे समोरच्या भिंतीतून हवेला बाहेर जायला वाट लागते. बाहेरची कोरडी झळ ओल्या गवताच्या जाळीतून आत येताना पाण्याची वाफ करते आणि त्यात स्वतः गार होते. तिला पुढे जाऊ दिलं नाही तर खोलीत दमट हवा कोंडते आणि माणूस गार होण्याऐवजी चिकट होतो. आमच्या हॉलला खिडक्या एकाच भिंतीत होत्या, कारण समोरची भिंत धाकट्या भावाने टीव्ही युनिटसाठी आधीच बळकावली होती. आजी शाळेत गेलेली नाही. तिने कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हवा आत आली, मंग जाईन कुठून बापा?" वायुविजनाचा सगळा अभ्यासक्रम त्यात आला. टीव्ही कोपऱ्यात सरकला.

स्वयंपाकघराला मात्र वेळ लागला. साहेबांनी आधुनिक किचन दिलं होतं, ओटा इंग्रजी एल अक्षरासारखा, सगळं हाताशी. ही कल्पना तशी जुनीच. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईचं एकेक पाऊल मोजून, कष्ट कमी व्हावेत म्हणून. तशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजच्या प्रत्येक मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सापडतं. गंमत अशी, की या बाईंनी तोवर कधी घर चालवलेलं नव्हतं, स्वयंपाकही केलेला नव्हता. आमच्या साहेबांची परंपरा बरीच थोर निघाली.

ते स्वयंपाकघर एकटीसाठी होतं. आई एकटी स्वयंपाक करते ते आश्विनात, भाद्रपदात. आखाजीला तिला उलटं खापर चढवायचं असतं, चुलीवर. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत मोठी करायची आणि खापरावर टाकायची. त्याला जमिनीवर बैठक लागते, हात फिरवायला मोकळी जागा लागते, आणि आजूबाजूला चार बाया लागतात, ज्यांतली एक काम करते आणि तिघी सांगतात. एल अक्षरात हे कसं बसायचं? शेवटी परसात टिनाखाली चूल ठरली आणि किचनला मागचं दार मिळालं. वहिनीला आतला ओटा, आईला बाहेरची चूल. घरातल्या दोन बायका समाधानी होण्याचा हा एकमेव ज्ञात मार्ग असावा. जिन्याचंही तसंच. साहेबांनी तो हॉलमधून वर नेला होता, सिनेमातल्यासारखा. पण चैत्रात कुरड्या-पापड वाळवायला गल्लीतल्या बाया गच्चीवर जाणार, त्या काय सोफ्याला वळसा घालून, चिकाचं पातेलं डोक्यावर घेऊन? जिना बाहेर गेला.

वास्तुशास्त्रावर फार वेळ गेला नाही, कारण सगळेच तज्ज्ञ होते. मला त्यात एवढंच पटलं, की आमच्याकडे उन्हाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. आग्नेयेच्या स्वयंपाकघरातली फोडणी मग घरभर न फिरता परस्पर बाहेर जाते. शास्त्राचं हे असं असतं. कारण गळून पडलं तरी नियम टिकतो.

खरा बारमाही नमुना म्हणजे खालची जमीन. गावं वसली ती पांढरीवर. काळ्या मातीच्या ढेकळात घर कुणी बांधत नसे. आता गावाची हद्द काळीत शिरली आहे. ही माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि श्रावणात पाणी पिऊन फुगते, म्हणजे घर दरवर्षी थोडं वर आणि थोडं खाली करतं. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, किंवा तळाशी फुगीर केलेले पाइल घालायचे. अशा पाइलवर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच काम केलेलं आहे. पायाच्या खर्चाचा आकडा आला तेव्हा तिसरी बेडरूम आपोआप लहान झाली.

तोवर सगळं कागदावरच चाललं होतं. ते जमिनीवर आणण्याची बुद्धी बाबांना सिंदखेडराजाला झाली. लखुजी जाधवांचा वाडा पाहायला १२ जानेवारी सोडून कधीही जावं. त्या दिवशी जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी असते आणि ती असायलाच हवी. एरवी महाद्वारातून आत गेलं की शांतपणे जोती बघता येतात, तळघरं बघता येतात. भिंती पडल्या तरी जोती राहतात, आणि मग वाड्याचा नकाशा पायांनी वाचता येतो, एकास एक प्रमाणात. बाबा एका जोत्यावर बराच वेळ उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी चुन्याची फक्की मागवली.

आखणी झाली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. उघड्या आभाळाखाली कुठलीही खोली केविलवाणी दिसते. भिंती चढल्या की ती मोठी वाटते, कपाटं आली की पुन्हा आखडते. आम्ही सगळे त्या पांढऱ्या रेघांत राहायला गेलो, संध्याकाळपुरते. वहिनीने पलंगाच्या मापाची सतरंजी अंथरली, कपाटाचं दार उघडल्यासारखं केलं, तर ते पलंगावर आपटत होतं. बाबा खांद्यावर नसलेलं गाठोडं घेऊन कापसाच्या खोलीत गेले आणि वळता येत नाही म्हणून तसेच मागे मागे बाहेर आले. आजी तिच्या खोलीतून उठून सरळ न्हाणीकडे चालू लागली.

"माय, तिथं भिंत हाय!" बाबा ओरडले.

"भिंत असन तं दार कर इथं," आजी म्हणाली. "मी इथूनच जाईन."

तिथे दार झालं. पूर्ण नकाशात याहून चांगली सुधारणा कुणी केलेली नाही.

पलीकडच्या घरकुलाचा मालक हे सगळं कुंपणावरून पाहत होता. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली. त्याने गेस्ट रूमच्या रेघेकडे बोट दाखवून विचारलं, "इथं कोण राह्यते?" शेगाव जवळ, त्यामुळे गुरुवार धरून पाहुणे येतात, असं काहीबाही आम्ही सांगितलं. पण पाहुणे उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात आणि थंडीत सगळ्यांच्या मधे. गेस्ट रूम पुसली. ती आणि पोर्च मिळून एक लांबलचक खोली झाली, रस्त्याकडे शटर, मागे जाळी. हिवाळ्यात कापूस, उन्हाळ्यात खाटा, लग्नसराईत पंगत. साहेबांनी नकाशात तिला काय नाव द्यावं म्हणून विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी नाइलाजाने 'बहुउद्देशीय' असं लिहिलं, ग्रामपंचायतीच्या सभागृहासारखं.

अंतिम प्रत आली ती मात्र साहेबांनी मनापासून केली होती. कूलरची जागा तुटक रेघांनी दाखवली होती, नळासकट, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: मार्च ते जून. पहिल्यांदाच कुठल्या तरी नकाशात महिना आला होता. साहेब कौतुकाची वाट पाहत बसले. आईने चहा ठेवला, कागद जवळ ओढला, तुटक रेघा निरखल्या आणि विचारलं, "अन् जुलैपासून तो कूलर कुठी ठेवता?"