दोनशे फुटांखालचं राज्य

लातूर-नांदेडच्या बोअरवर कुणाची देखरेख नाही, असं म्हणणाऱ्यांनी अभ्यास वाढवावा. पाणी हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय; त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. पर्यावरण संरक्षण कायदा केंद्राचा. त्याखाली १९९७ पासून केंद्रीय भूजल प्राधिकरणही आहे. एका भोकाला दोन पालक. एवढे लाड शेंडेफळाचेही होत नाहीत.

राज्याच्या २००९ च्या कायद्याने साठ मीटरवर, म्हणजे दोनशे फुटांवर, रेघ ओढली. त्याखालची ती 'खोल विहीर'. मुखेड-चाकूरकडे तमिळनाडूहून आलेला रिगवाला आठशे फुटांवर धुरळाच उडाला, की नम्रपणे विचारतो, "अजून शंभर?" बरोबरच आहे. तिथवर साहेबाची जीप जात नाही.

आमची सूचना एवढीच, की काळ्या पाषाणाचा खोलीनुसार सातबारा करावा. दोनशे फुटांपर्यंत राज्य, पाचशेपर्यंत केंद्र, पुढे संयुक्त समिती. वर येणाऱ्या पाण्याने प्रत्येक टप्प्यावर ना हरकत घ्यावी. पुनर्भरणासाठी खाली सोडलेल्या पावसाने आवक-जावक रजिस्टरात सही करावी. (अंगठा चालेल.)

पूर्वानुभव उत्तम आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं. मिरजेत ते राज्याचं होतं, वाघिणीत चढताच केंद्राचं झालं. पुढच्या महिन्यात रेल्वेने तोवरच्या फेऱ्यांचं सुमारे चार कोटींचं बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडलं आणि पाणी पुन्हा राज्याचं झालं.