स्कूटरने घाट चढण्याचे शास्त्र

घाटात स्कूटर नेऊ नये, असे सांगणारी माणसे दोन प्रकारची असतात. काहींकडे मोटरसायकल असते, आणि उरलेल्यांकडे स्कूटर असूनही ती त्यांनी कधी मंडईपलीकडे नेलेली नसते. दोघांच्याही मताचा यथोचित मान राखून प्रस्तुत मार्गदर्शन असे प्रतिपादन करते की, सह्याद्रीत एका दिवसाचा मोठा फेरा मारायचा तर ११० सीसीची, बिनगिअरची, डबलसीट स्कूटर हेच एकमेव शास्त्रशुद्ध वाहन होय. नमुन्यादाखल फेरा असा घ्यावा: पुण्याहून कापूरहोळमार्गे भोर, वरंध घाटाने खाली महाड, महामार्गाने पोलादपूर, आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वर, पाचगणीवरून पसरणी घाटाने वाई आणि सुरूरला महामार्ग गाठून परत पुणे. सगळे मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास होतात. सकाळी देशावर, दुपारी कोकणात आणि दिवेलागणीला पुन्हा देशावर, असा हा एका दिवसात दोनदा सह्याद्री ओलांडण्याचा विधी आहे. पावसाळ्यात तो करू नये. वरंधला दरडी कोसळतात आणि घाट वाहतुकीला बंद ठेवावा लागतो. बंदीचा फलक हा आपल्यासाठी नसून इतरांसाठी असतो हा समज घाटात चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रशस्त.

आता मूळ सिद्धान्ताकडे वळू. घाटाचा रस्ता मोटरीसाठी आखलेलाच नाही, तो बैलाच्या दमाच्या मापाने आखलेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सह्याद्रीत गाडीरस्ते काढले, तेव्हा भरलेली बैलगाडी न थांबता चढेल एवढाच चढ ठेवणे त्यांना भाग होते. पुढे मोटरी आल्या, डांबर आले, पण हिशेब फारसा बदलला नाही. आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ मुलखासाठी सर्वसाधारण चढ पाच टक्के धरतात, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. वळणावर तर तोही कमी करावा, असे सांगितलेले आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर पार पायथ्याशी. एवढी उंची पाच टक्क्यांनी चढायची तर किमान सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा रस्ता हवा; प्रत्यक्षात तो चाळीसच्या घरात आहे. ही सारी लांबी दम न लागण्यासाठी आहे. ज्याला दमच लागत नाही अशा वाहनाने तिथे जाणे म्हणजे दशम्यांचे गाठोडे घेऊन लग्नाच्या पंगतीला जाण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ताकदीचा: आठ अश्वशक्तीचे इंजिन दोन माणसांना वर कसे नेणार? आक्षेप घेणाऱ्याने कागद-पेन्सिल घ्यावी. स्कूटर, दोन माणसे आणि डिकीतले सामान मिळून अडीचशे किलो धरा. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने पाच टक्के चढावर जाताना हे ओझे दर सेकंदाला सुमारे पस्तीस सेंटिमीटर उचलले जाते. या कामाला सव्वा अश्वशक्तीहून कमीच लागते. चाकांचे घर्षण आणि वारा यांचा वाटा धरला तरी हिशेब दोनच्या आत राहतो. एक बैल साधारण अर्ध्या अश्वशक्तीचा मानतात. तेव्हा डोंगराची मागणी दोन बैलजोड्यांपलीकडे जात नाही. एखादे अवघड वळण जास्त मागेल, त्यासाठी उरलेल्या सहा अश्वशक्ती आहेतच. त्याहून अधिक ताकद बाळगणाऱ्यांनी ती खुशाल बाळगावी. पण ती डोंगराने मागितलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

ताकदीचा प्रश्न मिटला की वजनाचा येतो, आणि तो अधिक नाजूक आहे. स्कूटरचे इंजिन मागच्या चाकापाशी, डबलसीट बसणारे माणूसही तिथेच आणि दोघांनी भोरला खाल्लेली मिसळही बव्हंशी तिकडेच. चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल उगाच तत्त्वचिंतन करू लागते. यावर उपाय म्हणून जड पिशवी फूटबोर्डावर, चालवणाऱ्याच्या दोन पायांमध्ये ठेवावी. मोटरसायकलला ही जागाच नाही, ही गोष्ट वादात जरूर काढावी. डिकी इंजिनाच्या डोक्यावर असल्याने गरम होते. त्यामुळे चॉकलेट तिथे ठेवू नये, तिखटमिठाच्या पुऱ्या मात्र अवश्य ठेवाव्यात. वरंध घाटातल्या वाघजाईच्या देवळापर्यंत त्या कोमट राहतात. रेनकोट सगळ्यात वर ठेवावा, म्हणजे तो लागत नाही. तळाशी ठेवल्यास हमखास लागतो. डबलसीटसाठी माणूस निवडताना स्वभावापेक्षा कंबर पाहावी. वळणावर चालवणारा जिकडे झुकतो तिकडेच झुकणे हे त्याचे पहिले कर्तव्य. “पुढून एसटी येतेय” हे न सांगणे दुसरे. एसटी दिसतेच. चिंचोळ्या घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी, असा नियम आहे आणि या फेऱ्यात दोन मोठे उतार असल्याने तो आपल्याला निम्म्या वेळा प्रतिकूल आहे. मात्र एसटीच्या बाबतीत चढ-उताराचा हा सूक्ष्म विचार करू नये, सरळ कडेला थांबावे.

वेळापत्रक सोपे आहे. पहाटे पाचला निघायचे ठरवावे, म्हणजे साडेसहाला निघता येते. इथे मोटरसायकलवाले पुन्हा तोंड उघडतात: आमचा वेळ वाचतो. किती वाचतो, ते पाहू. फेऱ्यातला खरा घाटरस्ता शंभर किलोमीटर धरा. स्कूटर ताशी पंचवीसने गेली तर चार तास लागतील. मोटरसायकल ताशी पस्तीसने गेली तर तीनला नऊ मिनिटे कमी. वाचला फार तर सव्वा तास. हा सव्वा तास जातो कुठे? वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपरीवर. स्कूटरवालाही तिथेच बसतो, भजी तीच खातो, समोरची दरीही तीच. फरक इतकाच की स्कूटर तोवर निवत असते, म्हणून त्याच्या बसण्याला एक यांत्रिक कारण असते. मोटरसायकलवाला निव्वळ भज्यांसाठी बसलेला असतो. टपरीपाशी एकच दक्षता घ्यावी. हँडलखालच्या हुकाला पिशवी टांगून उतरू नये. या हुकाचा शोध माणसाने लावला असला, तरी त्याचा खरा उपयोग तिथल्या माकडांना कळलेला आहे.

भोरपासून वाघजाईपर्यंतचा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो आणि इथे ताशी चाळीसच्या वर जाणे म्हणजे पाण्याचा अपमान. डोक्यावर कावळ्या किल्ल्याचा डोंगर, खाली शिवथरच्या खोऱ्यात घळ. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला, असे परंपरा मानते. दासबोधात मूर्खांची लक्षणे आहेत. त्यात घाट उतरताना इंजिन बंद करणाऱ्याचा समावेश नाही, कारण तेव्हा इंजिन नव्हते. ती उणीव इथे भरून काढणे आवश्यक आहे. वीस किलोमीटरचा उतार इंजिन बंद करून उतरला, तर लिटरला पंचेचाळीसच्या हिशेबाने अर्धा लिटरसुद्धा पेट्रोल वाचत नाही. उलट, बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर आधीच गिअर खाली आणून इंजिनाने रोखण्याची सोय नसते. एक्सलेटर सोडल्यावर इंजिन थोडे धरून ठेवते, पण वेग फार उतरला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी होते. मग सगळा भार ब्रेकवर. २०१९पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एका दांडीने दोन्ही चाके धरणारा ब्रेक आला, हे बरेच झाले. पण ड्रम तापतो तो तापतोच आणि तापलेला ब्रेक हाताला स्पंजासारखा लागतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. ब्रेक सतत घासत ठेवू नये. आणि जळका वास आला की थांबून दहा मिनिटे दरी पाहावी. हा परिच्छेद विनोदात धरू नये.

महाडला पोचेपर्यंत उकाडा सुरू झालेला असतो. इथे चवदार तळ्यावर थांबावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेली हजारो माणसे या तळ्याचे पाणी प्यायली. त्यांच्यातले बहुतेक ज्या वाटांनी आले त्या वाटांपुढे आपले तीनशे किलोमीटर काहीच नाहीत. महाड ते पोलादपूर हा महामार्ग आहे, त्यावर सांगण्यासारखे काही नाही. पोलादपूरला टाकी भरून घ्यावी. स्कूटरची टाकी पाच-सव्वापाच लिटरची, म्हणजे हा फेरा एका टाकीत होत नाही, आणि आंबेनळीत पेट्रोल संपल्यावर स्कूटर ढकलणारा चालक व डबलसीट यांचे संबंध पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो.

आंबेनळीत आपल्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा आहे, आणि तो ऐतिहासिक आहे. आक्षेप असा असतो की, अवघड मुलखात मोठे, दणकट वाहन बरे. १६५९ साली अफझलखानाचेही हेच मत होते. हत्ती, उंट, तोफा आणि बाजारबुणगे असा सारा सरंजाम घेऊन तो वाईहून निघाला आणि रडतोंडी घाटाने पार गावी उतरला. घाटाचे नावच पुरेसे मार्गदर्शक होते, पण मोठ्या सरंजामात वाटेचे नाव विचारण्याइतकी सवड राहत नाही. जावळीच्या त्या रानात वजन हा गुण नव्हता, गैरसोय होती; नोव्हेंबरातल्या त्या दिवशी जिंकले ते हलके सामान घेऊन, वाटा पायाखाली घालून बसलेले लोक. आज प्रतापगडाच्या पायथ्याशी सुट्टीच्या दिवशी मोठ्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने याच दृष्टीने पाहावे. त्या रांगेच्या डाव्या कडेने स्कूटर निमूटपणे पुढे जाते. जाताना कोणाकडेही पाहून हसू नये.

चारचाकीचा कैवार घेणारे आरामाचा मुद्दा काढतात. त्यांना “गाडी लागणे” या मराठी वाक्प्रचाराची आठवण करून द्यावी. मागच्या सीटवर बसलेल्याचे डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, आणि कानातला तोल सांगतो की आपण नागमोडी चाललो आहोत. या भांडणाचा निकाल पोट लावते. स्कूटरवर दोघांनाही वळण दिसते, वारा लागतो, अंग वळणाबरोबर झुकते. डोळे आणि कान यांचे एकमत असते. आंबेनळीत रस्त्याच्या कडेला दार उघडून ओणवे झालेले लोक मोजावेत आणि त्यांतले स्कूटरवरचे किती ते पाहावे. एसटीबद्दल मात्र वाद घालता येत नाही. ती स्वस्त आहे, तिचा चालक आपल्याहून चांगला आहे. फक्त दरी आवडली म्हणून ती थांबत नाही.

दोन आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. एक पंक्चरचा. जुन्या चेतकला स्टेपनी असे. पुण्याच्या आकुर्डीत घडलेली, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव लावणारी ती गाडी सुरू होण्यापूर्वी एका बाजूला कलवून घ्यावी लागे, पण चाक बसले तर जोडीला दुसरे चाक होते. आजच्या स्कूटरने कलवण्याची गरज घालवली आणि जोडीने स्टेपनीही. ट्यूबलेस टायर आणि डिकीत हवेचा लहान पंप, एवढ्यावर भागवावे. दुसरा आक्षेप पाठीचा. दोनशे किलोमीटरनंतर लहान चाकांनी गिळलेला प्रत्येक खड्डा कण्याच्या कोणत्या मणक्यात जमा झाला, ते सांगता येते. यावर उत्तर नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने झाली, मानदुखी हे त्यांतले एक आवडते कारण होते. या फेऱ्यात मानेच्या आधी कंबर जाते, त्यामुळे हेल्मेटाविरुद्ध तो मुद्दा आपोआप बाद ठरतो.

महाबळेश्वरला वर आल्यावर हवा पोलादपूरपेक्षा आठ-नऊ अंशांनी गार लागते. स्वेटर डिकीतून काढावा. त्याला पुऱ्यांचा वास येईल. एका दिवसात सगळे पॉइंट पाहण्याचा मोह टाळावा, एकही न पाहिल्याबद्दल खंतही करू नये, कारण दिवसभर आपण पॉइंटावरच होतो. पसरणी घाट उजेड असेतोवर उतरावा. धोम धरणाचे पाणी खाली दिसत राहते आणि सूर्य पाठीमागे असल्याने डोळ्यांवर येत नाही. वाईत चहा घ्यावा. मराठी विश्वकोश या गावात सिद्ध झाला. नोंदी लिहायला लागणारी सावकाशी तिथे अजूनही चहात उतरलेली आहे. पुढे सुरूरहून अंधार, ट्रक आणि खंबाटकीचा बोगदा. बोगद्यापुढचे इंग्रजी एस अक्षरासारखे वळण कुप्रसिद्ध आहे, तिथे सावकाश जावे. स्कूटरचा दिवा रस्त्यापेक्षा चालवणाऱ्याला धीर देण्यासाठी असतो, हे ओळखून डाव्या कडेने राहावे.

घरी पोचल्यावर उतरण्याचा क्रम पाळावा. आधी डबलसीट उतरते आणि स्कूटरचा आधार सोडत नाही. मग चालवणारा उतरतो. गाडी मोठ्या स्टँडवर चढवण्याचा प्रयत्न त्या रात्री करू नये. बाजूचा स्टँड पुरे. हेल्मेट काढल्यावर ऐकू येऊ लागते आणि इंजिन निवताना टिकटिक करत असते. डिकी उघडून उरलेल्या पुऱ्या काढून घ्याव्यात; सकाळपर्यंत राहिल्या तर त्यांचा वास सर्व्हिसिंगवाल्यालाही येतो आणि तो ब्रेकशूज पाहण्याआधी भोरच्या मिसळीची चौकशी करतो.