काट्याविना ओव्हरलोड

हिंगोली जिल्ह्याला फिरण्याचे मोठे कौतुक. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याला अख्खे देऊळ फिरले, ही आख्यायिका इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, विश्वाच्या दुसऱ्या टोकाला एकमेकांभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरांची चाहूल घेणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहायची आहे. फिरत नाही ते एकच, हळदीची पोती घेऊन मोंढ्याकडे निघालेल्या पिकअपचे मागचे चाक. इंजिन चालू आहे, गिअर पडला आहे, प्रोपेलर शाफ्ट गरगरतो आहे आणि गाडी मात्र तसूभर हलत नाही. हौद्याखाली दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबतो, त्याच्या पोटात काहीतरी कडाकडा दळले जाते. ‘क्राऊन-पिनियन गेले,’ असे मिस्त्री खाली वाकून जाहीर करतो. हे ऐकून मालक हबकतो खरा, पण खरी बातमी त्याला दोन दिवसांनी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मिळते. क्राऊन गेले ते गाडीमुळे नव्हे, रस्त्यामुळे नव्हे, कारखान्यामुळे तर मुळीच नव्हे; ते मालकामुळे गेले.

हा निकाल कोणत्या तत्त्वावर लागतो ते समजायला आधी तो गोळा समजून घ्यावा लागतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच सळईला जखडली तर एकाला घसटत जावे लागेल. पॅरिसच्या पेकर नावाच्या कारागिराने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली, तेच डिफरन्शियल, हाच तो गोळा. शाफ्टचे फिरणे त्यात आणणारी दातेरी चाकांची जोडी म्हणजे पिनियन आणि क्राऊन. इंजिनाचा जोर ते दोन्ही चाकांना सारखा वाटते, पण वेगाची मोकळीक ज्याची त्याला देते. समतेचे यापेक्षा सुंदर यंत्र नाही, फक्त एक अट आहे, दोन्ही चाकांखाली जमीन हवी. एक चाक चिखलात गेले की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही आणि वाटणी सारखी असल्यामुळे कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. सगळी फिरफिर पकड नसलेल्या चाकाच्या वाट्याला येते. डिफरन्शियल मोडल्यावर जो दोष वाटला जातो, तोही नेमका याच नियमाने वाटला जातो. कंपनी, विक्रेता, विमा, बांधकाम खाते यांची पकड पक्की असते. उरतो तो मालक. सगळा दोष गरगरत त्याच्याकडे जातो.

आता हा चिखल कुठून आला ते पाहू. हिंगोलीची काळी जमीन कापसाला, सोयाबीनला, हळदीला मानवते, चाकांना नाही. पाणी पिऊन ती फुगते आणि टायरच्या खाचा लिंपून टाकते. आखाड्यापासून डांबरीपर्यंतची वाट याच जमिनीतून जाते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना आणली; योजनेचे नाव मोठे आहे आणि पाणंदी त्याहून लांब आहेत. तर अशा पाणंदीत एक चाक रुतले की ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबतो. काट्यावर चाळीसचा वेग दिसतो, पण दुसरे चाक थांबलेले असल्यामुळे रुतलेले चाक ऐंशीच्या वेगाने फिरत असते. गोळ्यातले छोटे स्टार पिनियन एरवी फक्त वळणावर सावकाश फिरतात. त्यांना बेअरिंगही नसते, एका साध्या पिनेवर ते बसवलेले असतात. चिखलातल्या या शर्यतीत पिनेवरचा तेलाचा थर उडतो, पिनियन धरतो, पीन तुटते आणि तुटलेला तुकडा क्राऊनच्या दातांत जातो. यावर उपाय निघालेला नाही असे नाही. दोन्ही चाके हवी तेव्हा एकत्र जखडणारे लॉक फार पूर्वीच निघाले आहे. ते थारसारख्या गाडीच्या काही प्रकारांत मिळते, कष्टाच्या साध्या पिकअपला सहसा मिळत नाही. हौसेने चिखलात जाणाऱ्याला लॉक आणि पोटासाठी जाणाऱ्याला वॉरंटीच्या अटी, अशी ही सोय आहे.

त्या अटींत सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे ओव्हरलोड. या शब्दासाठी सरकारला किती खटाटोप करावा लागतो पाहा. मोटार वाहन कायद्याच्या ११४ व्या कलमाने अधिकाऱ्याला गाडी थांबवून काट्यावर न्यायचा अधिकार दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये असा झाला. म्हणजे एमएच-३८ ची, हिंगोलीची, गाडी अडवणाऱ्या आरटीओलाही आधी वजन करावे लागते, किती टन जास्त ते कागदावर आणावे लागते आणि मग पावती फाडावी लागते. वर्कशॉपला यातले काहीच लागत नाही. गाडी तिथे ओढत आणलेली असते, हौदा रिकामा असतो, काटा नसतो, पावती नसते. तरी मोडक्या गोळ्याकडे एक नजर टाकून वजन सांगितले जाते. आरटीओने हे कसब शिकून घेतले तर राज्याचा काट्यांवरचा सगळा खर्च वाचेल.

इथे समंजस वाचक म्हणेल, की आरोप खोटा थोडाच आहे? पिकअपवाले जास्त माल भरतातच. बरोबर आहे, भरतात. या गाड्यांची क्षमता साधारण सव्वा ते पावणेदोन टन. पन्नास किलोची तीस पोती झाली की दीड टन पुरा होतो, आणि तीस पोत्यांवर थांबलेला हौदा मोंढ्यात क्वचितच दिसतो. पोती झाल्यावर वर माणसे बसतात, लग्नसराईत वऱ्हाड बसते, गणपतीत आवाजाच्या भिंती बसतात. गाडी मागून बसू नये म्हणून पाटे वाढवले जातात. त्याने हौदा ताठ राहतो, पण गोळ्यातल्या दातांवर येणारा भार मुळीच कमी होत नाही. उलट भार दिसेनासा होतो. मालकाचा हा गुन्हा कबूल केला, तरी दोन प्रश्न उरतात. पहिला, भाडे क्विंटलवर मिळत असेल, खेपेचे डिझेल ठरलेले असेल आणि हप्त्याची तारीखही ठरलेली असेल, तर दीड टनात या तिन्हींचा मेळ बसतो का? कर्ज मंजूर करताना हा हिशेब कुणी मांडला होता? दुसरा, जाहिरातीत हीच गाडी डोंगराएवढा माल घेऊन चढ चढते आणि पडद्यामागचा भारदस्त आवाज तिच्या ताकदीचे गोडवे गातो. विकताना जी मर्दुमकी असते, ती मोडल्यावर गैरवापर कशी होते? अर्थात मालकही काट्याला भितो, कारण मोंढ्यातली काटा-पावती त्याच्याविरुद्धच साक्ष देईल. कंपनी काटा मागत नाही, कारण एखादी पावती मालकाच्या बाजूनेही निघायची. दोन्ही पक्षांना अंधारच सोयीचा आहे, आणि अंधारात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

पण पावती नसली तरी पुरावा असतोच, तो तुटलेल्या दातावर लिहिलेला असतो. एकाच धक्क्याने तुटलेल्या दाताचा भंग खरबरीत, दाणेदार दिसतो. हळूहळू थकून तुटलेल्या दातावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेघा असतात. तडा एका झटक्यात नव्हे, टप्प्याटप्प्याने आत सरकत होता ते त्या सांगतात. तेलाविना चाललेला दात भाजून निळाकाळा पडतो. नाल्यातून जाताना तापलेला गोळा एकदम गार होतो आणि ब्रीदर किंवा ऑईल सील खराब असेल तर पाणी आत ओढतो. मग नव्वद नंबरचे ऑईल ताकासारखे पांढुरके होते. दाताच्या पृष्ठभागाचे पापुद्रे निघत असतील तर पोलादाच्या प्रक्रियेवरही संशय घ्यावा लागतो, आणि तो संशय मालकाच्या अंगणात नव्हे, कारखान्याच्या भट्टीत जातो. हे वाचायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जाणत्याचे डोळे, भिंग आणि वेळ लागतो. क्राऊन आणि पिनियन यांच्यात किती फट आहे ते मिलिमीटरच्या दशांशांत मोजायला एक डायल गेज पुरतो. पण दुधाळ्यात प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपायची तयारी चालू असताना, गोळ्यातली फट अनेक ठिकाणी आजही अंगठ्याने हलवून ‘ठीक आहे’ अशा परिमाणात मोजली जाते. आवाजाचेही तेच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीखालून गूढ आवाज आला की यंत्रणा जागी होते, भूकंपमापकाची नोंद बघितली जाते, आणि ते योग्यच आहे. १० जुलै २०२४ ला जिल्ह्याने ४.५ तीव्रतेचा धक्का सोसला आहे. हौद्याखालून हूं हूं आवाज येतो तेव्हा मात्र ‘चालवा, बसेल आपोआप’ एवढाच सल्ला मिळतो. बसते ते खरेच, पण आवाज नव्हे, गाडी.

दुसरा आक्षेप गल्लीतल्या मिस्त्रीवर आहे. स्वस्तातला पार्ट टाकून त्यानेच गाडी बिघडवली, असे सांगितले जाते. यातही तथ्य आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, जोडीनेच बदलायचे असतात. पैसे वाचवायला नुसते पिनियन बदलले, फट बसवणाऱ्या पातळ चकत्यांचा, म्हणजे शिमांचा, हिशेब चुकला, की नवे दात महिना-दोन महिन्यांत रडू लागतात. पण मालक त्याच्याकडे का जातो, हे विचारायला हवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. त्या हंगामातले आठ दिवस गाडी उभी राहिली तर वर्षाची कमाई हलते. तालुक्याच्या गावी पार्ट नाही, नांदेडला चौकशी करा, तिथे नाही तर छत्रपती संभाजीनगरहून मागवू, या साखळीत हप्ता थांबत नाही. गल्लीतला मिस्त्री चुकीचे काम करत असेल, पण आज करतो. बरोबर काम अनिश्चित तारखेला करणाऱ्या व्यवस्थेने चुकीचे काम आज करणाऱ्याला नावे ठेवावीत, हे तिला शोभत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे. दाद मागायला एवढ्या जागा असताना रडता कशाला? जागा आहेत खऱ्या. विम्याकडे गेले तर तो सांगतो, यांत्रिक बिघाड आणि झीज पॉलिसीत बसत नाहीत. गाडी उलटली तर अपघात, नुसती मोडली तर नशीब. शहाण्याने कसे मोडावे याचे मार्गदर्शन यात आहे. ग्राहक आयोगाकडे गेले तर समोरचा वकील म्हणतो, हा ग्राहकच नाही, हा धंदेवाला. कायदा मात्र तसे म्हणत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही, आणि स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात १९९५ लाच सांगून ठेवले आहे. तरी दर वेळी मालकाला आपण पुरेसे गरीब आहोत हे नव्याने सिद्ध करावे लागते. वस्तूची तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही हा कायदा म्हणतो; पण तपासायचे काय? तुटलेला दात तर तोवर भंगारात गेलेला असतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढले, त्यात वाहने घेतली. हक्क पोर्टलवर आहे, पार्ट गोदामात आहे आणि गाडी पाणंदीत आहे.

म्हणून मागणी फार छोटी आहे. गोळा मालकासमोर उघडावा. तुटलेले दात त्याच्या ताब्यात द्यावेत, निदान सील करून ठेवावेत. वॉरंटी नाकारायची तर कारण सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे, धक्का, थकवा, तेल, पाणी की पोलाद, यांपैकी नेमके काय आणि कशावरून. ओव्हरलोड म्हणायचे असेल तर तो दातावर दाखवावा. दाखवता येत नसेल तर तो शब्द वापरू नये. मालकानेही पावसाळ्यानंतर ऑईल काढून बघावे, मागचे दोन्ही टायर सारख्या मापाचे ठेवावेत, आणि खेपेच्या काटा-पावत्या जपाव्यात. त्या जपायची लाज वाटत असेल तर भांडण सुरू होण्याआधीच तो अर्धे हरला आहे. ‘लायगो’ला केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केले आणि ते सत्कारणी लागोत. गोळा तपासायच्या कामाला एक डायल गेज, एक भिंग आणि एक कोरा कागद लागतो. तोही परवडत नसेल, तर वॉरंटीच्या पुस्तिकेवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापावे, की ही हमी गाडीच्या चालत्या भागांना लागू आहे, मोडलेल्यांना नाही. निदान सही करताना मालकाला कळेल आपण काय विकत घेतो आहोत.