बशीसमोर बसण्याची विद्या

नोकरीला नवीन लागलेल्या पोरापोरींना प्राण्यांकडून काहीतरी शिकवायचं ठरलं, की आपल्याकडे आधी कुत्रं पुढं येतं आणि त्याच्यामागून इमानदारी. खाल्ल्या मिठाला जागावं, धन्याचं दार सोडू नये, वगैरे. हा उपदेश करणारा बहुतेक वेळा स्वतःच धनी असतो किंवा धन्याच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतो, हे एकदा ध्यानात आलं की त्यातली हवा निघून जाते. माझं म्हणणं वेगळं आहे. घरातलं कुत्रं-मांजर ज्या विद्येवर वर्षानुवर्षं आरामात जगतं ती मागण्याची विद्या, आणि छत्रपती संभाजीनगरच्या तरुण नोकरदाराकडे नेमकी तेवढीच नाही. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठल्याही एमआयडीसीत जा. मशीन बंद पडलं तर रात्री दोनला उठून येणारा, साहेबाला भोवळ येईल असे एक्सेलचे तक्ते काढणारा पोरगा भेटेल. पण ‘साहेब, तीन वर्षं झाली, पगाराचं बघा’ एवढं वाक्य त्याच्या घशातून बाहेर पडत नाही. ते बोलण्यापेक्षा सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्यात चौघांत मिळून खोली घेणं त्याला सोपं वाटतं.

आता मांजर बघा. सकाळी दुधाच्या पिशवीवर कात्री चालल्याचा आवाज आला की ते जिथं असेल तिथून उठतं, फ्रिजसमोर येऊन बसतं आणि शेपटी पुढच्या पायांभोवती नीट गुंडाळून घेतं. मग फ्रिजच्या दाराकडे बघतं, माणसाकडे बघतं, पुन्हा दाराकडे. या तीन नजरांत अर्ज, कारण आणि जोडपत्र सगळं येतं. तरीही कोणी हललं नाही तर मग ‘म्याव’. गंमत अशी, की मोठी झालेली मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करतच नाहीत. पिल्लू आईशी करतं आणि मोठं मांजर माणसाशी. म्हणजे ही भाषा त्यांनी खास वरिष्ठांसाठी राखून ठेवली आहे. २००९ साली ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असं दाखवलं, की खायला मागताना काही मांजरं आपल्या घुरघुरीत तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता वरचा सूर मिसळतात, आणि आयुष्यात कधी मांजर न पाळलेल्यांनाही तो आवाज निकडीचा वाटतो. कुत्रंही मागं नाही. भुवईचं आतलं टोक वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो, लांडग्यांत जवळपास नसतोच, असं २०१९च्या एका अभ्यासात दिसलं. त्याआधी २०१३ साली ब्रिटनमधल्या बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यांत पाहणी झाली होती. जी कुत्री भुवई जास्त वेळा उचलत होती त्यांना घर लवकर मिळालं. माणसाच्या हजारो वर्षांच्या नोकरीत कुत्र्यानं अंगी बाणवलेलं खास कौशल्य कोणतं, तर हे. आपण मात्र पोरांना पायथॉन शिकवतोय.

मार्च आला की सेल्फ अप्रेझलचा फॉर्म येतो. ‘या वर्षातील आपली ठळक कामगिरी’ अशी एक चौकट असते, पाचशे शब्दांची. पोरगा लिहितो, ‘टीमच्या सहकार्याने दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली.’ मग एप्रिलमध्ये पत्र येतं आणि चहाच्या टपरीवर ‘इथं कामाची कदरच नाही’ सुरू होतं. टपरीवाला ते मन लावून ऐकतो. पण इन्क्रिमेंटचे अधिकार टपरीवाल्याकडे नसतात. याची मुळं आपल्या पाहुणचारात आहेत. दुसऱ्याच्या घरी पोह्यांची दुसरी बशी पुढं आली की तीनदा ‘नको नको’ म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायची, हे लेकरांना चालता येण्याआधी शिकवलं जातं. यजमानाला ही रीत पाठ असते म्हणून ती चालते. एचआर आग्रह करत नाही. पहिल्या ‘नको’लाच बशी उचलते.

कंपनीच्या गेटवर पडून असणारं कुत्रं याहून हुशार. त्याला कोणी नेमणूकपत्र दिलेलं नसतं, आयकार्ड नसतं, तरी कॅन्टीन त्याला लागू असतं. मोठ्या साहेबांची काळी गाडी आत शिरते तेव्हा ते कान हलवण्याचेही कष्ट घेत नाही. फर्स्ट शिफ्टचं जेवण सुटायची वेळ झाली की उठतं, अंग ताणतं आणि कॅन्टीनच्या मागच्या दाराशी, ताटं घासणाऱ्या मावशींपासून चार हातांवर जाऊन बसतं. पोळी कोणाच्या हातात आहे आणि हात कधी मोकळा होतो, एवढ्याच दोन गोष्टींचा त्याचा अभ्यास. आपला पोरगा कंपनीच्या वर्धापनदिनी एमडींसोबत सेल्फी काढतो आणि ज्याच्या सहीनं पगार वाढतो त्या मॅनेजरला लिफ्टमध्ये चुकवतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही लाचारी झाली, शेपूट हलवणं झालं. मांजराकडे बघून लाचार हा शब्द कोणाला सुचतो का? ते दूध असं मागतं, जणू गोठा त्याच्या आजोबांचा होता आणि आपण राखणीला आहोत. लाचारी वेगळी असते. ती खुर्ची बघून वाकते, पण हवंय काय ते सांगत नाही. मागणाऱ्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं. चमच्याला विचारलं तर त्यालाही धड सांगता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काम चोख असलं की मागावं लागत नाही, असं म्हणणारे थेट इतिहास काढतात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्यानं शिकारीत महाराजांचा वाघापासून जीव वाचवला, त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. खंड्यानं कुठं अर्ज केला होता? आणि आपल्या पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती काय गाढवानं मागितली म्हणून? दोन्ही उदाहरणं मला मान्य. पण गाढव वाळूत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं तडफडत होतं. ‘सर्व काही सुरळीत’ असा वीकली रिपोर्ट पाठवून सावलीत उभं नव्हतं. आणि खंड्याला वाघ मिळाला. दर आर्थिक वर्षात वाघ येत नाही, आलाच तर मीटिंगच्या वृत्तान्तात तो मॅनेजरनं मारलेला असतो. तुमचा वरिष्ठ एकनाथ महाराज किंवा शाहू महाराज असेल तर खुशाल गप्प बसा. बाकीच्यांसाठी पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री आहेत. पचनावरच्या संशोधनाबद्दल १९०४चं नोबेल पावलॉव्हना मिळालं. लाळ कुत्र्यांनी गाळली होती. इतकंच नाही, त्या कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अपचनावरचं औषध म्हणून विकलाही जाई. आणि ऑनसाइटचं नाव ऐकून हुरळणाऱ्यांनी लायकाला आठवावं. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२मधून थेट पृथ्वीच्या कक्षेत गेली. अशी पोस्टिंग त्याआधी कोणालाच मिळाली नव्हती. यानात परतीची सोयच ठेवलेली नव्हती. तिला विचारता येत नव्हतं, आपल्याला येतं.

मागूनही मिळालं नाही तर काय, हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे; प्राण्याला हप्ते नसतात, नोटीस पीरियड नसतो. पण नकाराचं मांजर काय करतं बघा. ‘चल हो तिकडं’ म्हटलं की उठून जातं, खिडकीत बसून पंजा चाटतं, संध्याकाळी त्याच जागी पुन्हा हजर. रुसणं नाही, व्हॉट्सअॅपला स्वाभिमानाचं स्टेटस नाही. फारच दिवस बशी कोरडी राहिली तर ते शेजारच्यांकडे जेवायला लागतं, तेही न सांगता. या शहराला हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. धरण काठोकाठ भरल्याच्या बातम्या वाचत इथल्या लोकांनी नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट बघितली आहे. वर साठा असला म्हणून खाली धार येते असं नाही, हे सिडकोतल्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून ती लाइनमनचा नंबर जपून ठेवते आणि न लाजता लावते. तिचाच पोरगा कंपनीच्या विक्रमी नफ्याची बातमी अभिमानानं फॉरवर्ड करतो आणि आपल्या नळाखाली बादली लावून मुकाट बसतो.

तेव्हा यंदाचा फॉर्म अजून उघडा असेल तर ती चौकट पुन्हा एकदा बघून घ्या. पाचशे शब्दांची जागा आहे आणि तुम्ही आठ वापरलेत.