भाऊसाहेबांचे बुडीत क्षेत्र

महसूल खात्यात बत्तीस वर्षे इमानेइतबारे कारकुनी करून जो मनुष्य सेवानिवृत्त होतो, त्याच्या खांद्यावरची जबाबदारी उतरते, पण डोक्यातले दप्तर उतरत नाही. आणि अशा मनुष्याच्या पदरी दैवयोगाने एखादी जुनी मोटार असली, तर तिची अवस्था वडिलोपार्जित इनामासारखी होते, म्हणजे उत्पन्न शून्य, तंटे पुष्कळ, आणि विक्रीची गोष्ट काढील तो कुलद्रोही. मुळशी तालुक्यात असे गृहस्थ शोधावे लागत नाहीत. आमच्या पौडचे भाऊसाहेब त्यांतले मुकुटमणी.

त्यांची मोटार १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. ती मूळची इटलीची फियाट अकराशे, वालचंद हिराचंदांच्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात तिला वाढवले आणि त्याच साली तिचे हे राजपूत नाव ठेवले, तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे असून गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बुंध्याशी आहे, ही सर्व वंशावळ चहाचा कप ओठाला लागण्यापूर्वीच पाहुण्याच्या कानी पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी उतरली, त्या दिवशी भाऊसाहेबांनी दाढी केली नाही. पुढे गाडीने पन्नाशी ओलांडली, तेव्हा २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करून घ्यावी असे मी सुचवले; परंतु अशी नोंद झालेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही हे कळताच ते कडाडले, "म्हणजे माणूस हयात असताना वारसनोंद घालायची!"

प्रश्न होता तो गालिच्याचा. ताम्हिणीकडून येणारा पाऊस पुढच्या काचेच्या रबरातून वाट काढून, जून ते सप्टेंबर, थेंबाथेंबाने गाडीत उतरे, आणि दिवाळीपर्यंत गाडीला भिजल्या घोंगडीचा वास येई. चालकाच्या टाचेखाली गालिच्याची लोकर केव्हाच झडून ताग उघडा पडला होता. वहिनींनी गाडीत बसणे सोडले, तेव्हा प्रकरण निकडीचे ठरले. तरीही 'यथावकाश निर्णय घेण्यात येईल' या अवस्थेत ते दोन पावसाळे पडून राहिले.

अखेर एका रविवारी पंचनाम्याचा मुहूर्त लागला. पंच म्हणून मी आणि पिरंगुटचा एक पत्रेवाला. सीटांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांच्यावर आदल्या रात्रीच डिझेल ओतून ठेवले होते, तरी दोन बोल्ट मान मोडूनच बाहेर आले. सीटा अंगणात काढून ठेवल्यावर भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, कागदावर 'चतुःसीमा' लिहिली आणि गालिच्याचा कोपरा उचलला. खाली दुसरा गालिचा निघाला. त्याखाली गोणपाट. त्याखाली कुजून भाकरीसारखा झालेला नमदा, आणि सर्वांत खाली काळी रबरी मॅट. प्रत्येक थर म्हणजे एकेका मालकाचा फेरफार; कोणीही पूर्वीची नोंद रद्द केली नव्हती, फक्त वर नवी घातली होती. मुद्देमालात वीस पैशांची दोन नाणी, एक अडकित्ता, आणि वहिनींची कुडी निघाली. ही कुडी हरवल्याबद्दल ज्या नणंदेशी त्यांनी अकरा वर्षे अबोला धरला होता, ती आता कैलासवासी आहे. ही बाब पंचनाम्यात घेतली गेली नाही.

मग पत्रेवाल्याने मॅट ओढली, आणि आम्हां तिघांनाही अंगणातली तुळस दिसली. गाडीतून.

"भाऊसाहेब," तो शांतपणे म्हणाला, "पत्रा गेलाय कवाच. तुमी नुसतं गालिच्यावर पाय ठिवून चालला व्हता."

ज्या मनुष्याने उभी हयात लोकांच्या जमिनीचा गुंठा न् गुंठा कागदावर मोजला, त्याच्या स्वतःच्या पायाखालची जमीन अशी बिनबोभाट गहाळ व्हावी, हा आघात सामान्य नव्हता. पाच मिनिटे ते मूक होते. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, त्या धरणाच्या तालुक्यात त्यांची नोकरी गेलेली. त्यामुळे शब्द हाताशीच होता. भोकाभोवती खडूने रेघ ओढून त्यांनी कागदावर लिहिले, 'बुडीत क्षेत्र, सुमारे दीड चौरस फूट.'

पत्र्याला ठिगळ लागले, त्यावर तांबडा प्रायमर आणि डांबरी लेप चढला. खरी परीक्षा कुशनवाल्याची झाली. या गाडीचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे मधून उंटाच्या पाठीसारखा उंचवटा जातो, आणि सपाट कापड त्याच्यावर कधीच सपाट बसत नाही. ते तुकड्यांनी कापून, शिवून, कडेला रेक्झिनचा गोट लावूनच बसवावे लागते. शहाणा कारागीर जुना गालिचाच नव्या कापडावर अंथरून खडूने आखतो. भाऊसाहेबांचा मात्र स्वतः काढलेल्या नकाशावर विश्वास, आणि नकाशात उंचवटा नव्हता. पहिले कापड चार बोटे आखूड पडले. नाना पेठेत दुसऱ्यांदा जाऊन तसाच तपकिरी रंग मिळवण्यात आणखी तीन रविवार खर्ची पडले.

आता गालिचा बसला आहे, आणि तो देखणा आहे हे मलाही कबूल करावे लागते. जुने पाचही थर सुतळीने बांधून माळ्यावर 'कायम अभिलेख' म्हणून ठेवलेले आहेत. काचेचे रबर मात्र तेच आहे. त्याचे प्रकरण विचाराधीन आहे.

तेव्हा पौड रस्त्यावर पावसात उभे असताना पांढरी पद्मिनी थांबली आणि "बसा" असा आवाज आला, तर जरूर बसा. फक्त आत पाऊल टाकण्यापूर्वी चपला काढून हातात घ्या. मागच्या दाराच्या मुठीला त्यासाठी पिशवी टांगलेली आहे.