अरोवानावाले

अरोवाना पाळणारा गृहस्थ बहुधा वास्तुशास्त्राच्या वाटेने या छंदात शिरतो. घरात लक्ष्मी खेळेल, घरावरचे संकट मासा स्वतःवर घेईल, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. क्रॉफर्ड मार्केटमधून तो बोटभर पिल्लू पिशवीत घालून आणतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा रुपेरी मासा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून टिपतो आणि तीन फुटांपर्यंत वाढतो, ही माहिती दुकानदार मागाहून, मोठी टाकी विकताना पुरवतो.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावते. साहजिकच खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड सोसायटीच्या सभेत स्लॅबचा विषय काढते. मासा उडी मारून फरशीवर येऊ नये म्हणून झाकणावर डंबेल्स ठेवतात. त्या घरात डंबेल्सचा इतका नियमित उपयोग पूर्वी कधी झालेला नसतो.

खाण्याचे प्रकरण नाजूक असते. श्रावणात घरात कांदा-लसूणही बंद असतो, पण काचेपलीकडे कोलंबी चालू. फ्रीझरमधल्या डब्यावर ‘माशाचे’ अशी चिठ्ठी असते, आणि हा डबा मोदकांच्या सारणाला लागू नये यावर सासूबाईंची करडी नजर असते. झुरळ हा माशाचा खाऊ. विषारी झुरळ त्याच्या पोटात जायला नको म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला दारातूनच परत पाठवतात. मग झुरळे वाढतात, आणि मालक ती बचतीच्या खात्यात धरतो.

सतत खाली पाहून माशाचा एखादा डोळा कायमचा खाली झुकतो, अशी पाळणाऱ्यांची समजूत. उपाय म्हणून पाण्यावर पिंगपाँगचे चेंडू सोडतात. पाहुणे आले की मालक टाकीचा दिवा लावून चेंडूंचे शास्त्र समजावतो. चहा मात्र त्यांना स्वतःहून मागावा लागतो.

गावाला जायचे तर मासा कोणावर सोपवायचा, हा प्रश्न असतोच. लग्नकार्याला त्यामुळे नवरा-बायको पाळीपाळीने जातात.

वाढलेला मासा विकायला काढला, तर दुकानदार फुकट घ्यायलाही कां-कू करतो. तलावात सोडणे हा तर गुन्ह्याइतकाच वाईट उपाय, कारण असा परका शिकारी मासा तिथल्या माशांच्या मुळावर उठू शकतो. शेवटी आठ फुटी टाकीची ऑर्डर जाते. तिच्यासाठी सोफा गावच्या घरी रवाना होतो, आणि पाहुण्यांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मिळतात.