पाचवा पर्याय

मराठी माणसापुढे 50 विधानं ठेवून ‘पूर्ण सहमत, थोडाफार सहमत, थोडाफार असहमत, पूर्ण असहमत’ यांपैकी एकावर खूण करा म्हणणं हे धाडसाचं काम आहे. आपल्याला पाचवा पर्याय लागतो: ‘तसं नाही, पण त्याचं काय आहे...’ केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांमधल्या स्वमग्नतेच्या खुणा ताडून पाहण्यासाठी 2001 साली ‘एक्यू’ नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत नेमका हाच पर्याय नाही.

ही प्रश्नावली घरबसल्या, आपली आपण भरता येते. पन्नाशीच्या आसपासची मंडळीही हल्ली ती भरून पाहतात. कुणाच्या मुलाचं निदान झालेलं असतं. डॉक्टर मुलाविषयी एकेक गोष्ट विचारत जातात आणि बाप मनात म्हणत असतो, ‘यात विशेष काय, मीही असाच आहे की.’ कुणाला मित्राने सुचवलेलं असतं, कुणाला बायकोने. बायकोने सुचवलं असेल तर सूर बहुधा सूचनेचा नसतो. मला भाचीने सुचवलं. आपल्या मावशीत काहीतरी संशोधन करण्याजोगं आहे, असा तिचा जुना समज आहे.

पार्टीला जाण्यापेक्षा वाचनालयात जायला तुम्हाला आवडेल का, अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. मी तिथेच अडले. कुठलं वाचनालय? आणि पार्टी कुणाकडे? जेवायला काय आहे? निदान झालेल्या अनेकांचीही अशा प्रश्नावल्यांबद्दल हीच तक्रार असते. विधानं मोघम, आणि ज्याला नेमकेपणाची ओढ त्याला मोघम विधानावर खूण करवत नाही. ‘कोणती पार्टी?’ एवढ्यावर जो अर्धा तास बसून राहतो, त्याला तिथल्या तिथे एक गुण देऊन मोकळं करायला हरकत नव्हती.

बरं, ‘पूर्ण’ की ‘थोडाफार’ या विवंचनेत आपण जे रक्त आटवतो, ते फुकट जातं. गुण देताना दोन्ही सारखेच. सर्वसाधारण माणसांची सरासरी 16 च्या आसपास आली होती, निदान झालेल्यांची 35 च्या पुढे. निदान झालेल्यांपैकी 80 टक्क्यांना 32 किंवा अधिक गुण पडले, इतरांपैकी फक्त 2 टक्क्यांना. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनाही तेव्हा ही प्रश्नावली दिली होती. विज्ञानाच्या मुलांना साहित्य-इतिहासवाल्यांपेक्षा जास्त गुण आणि गणितवाल्यांना सर्वांत जास्त. गणितात हुशार असलेल्यांना इथेही पुढे पाहून आपण गप्प बसायचं. निदान या गुणांचे पेढे तरी वाटत नाहीत.

अर्थात ही चाळणी परीक्षा, निकाल नव्हे. चिंतारोगानेही गुण वाढू शकतात आणि स्वतःला नीट लपवायला शिकलेल्या माणसाचे कमीही पडतात.

बोलणाऱ्याच्या शब्दांमागचं मला सहज कळतं, असंही एक विधान आहे. आपल्याकडे हा विषय सक्तीचा. ‘आता जेवूनच जा’ हे उंबऱ्यात उभं राहून म्हटलं की जायचं असतं आणि ताट मांडून म्हटलं की बसायचं असतं. ‘बघू या’ म्हणजे नाही. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणजे तर मुळीच नाही. हे सारं न शिकवता कळतं अशी आपली समजूत आहे. ज्याला कळत नाही तो आपल्याकडे सरळमार्गी ठरतो, आणि त्याच्यावर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी नेमलं जातं.

आमच्या घरी काका होते. रेल्वेचं नवं टाइमटेबल आलं की ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढत, कुठेही जायचं नसताना. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते हे कुणीही सांगेल. काका तिच्या आगेमागे धावणाऱ्या गाड्यांचे नंबर सांगत. जेवणात वरणाची वाटी वेगळी, ते भाताला लागता कामा नये. पाहुणे आले की काका गच्चीवर. कुणी याला नाव दिलं नाही. ‘त्यांचं तसंच असतं,’ एवढ्यावर सगळं भागायचं.

ते भागवत होत्या काकू. ‘यांना आज जरा बरं नाही’ हे पाहुण्यांना त्याच सांगत. लग्नात कुणी ‘ओळखलंत का मला?’ म्हणून काकांसमोर उभा राहिला की काकू अर्धं पाऊल पुढे होऊन त्याचं नाव, गाव आणि व्याह्यांचं आडनाव आपणच बोलून टाकत. काकांपुढे प्रश्नावली ठेवली असती तर ‘चारचौघांत मला सहज वावरता येतं’ या विधानाला त्यांनी निःशंक मनाने पूर्ण सहमती दिली असती. येतच होतं त्यांना. अडचण जिथे यायची तिथे काकू आधीच जाऊन उभ्या असत.

उलट काकूंनाच माणसांचा शीण येत असता तर? त्यांना गच्ची नव्हती. हळदीकुंकवाला बसायचं, हसायचं आणि ‘कित्ती दिवसांनी’ म्हणायचं. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी या लपवालपवीवरच 25 विधानांची वेगळी प्रश्नावली 2019 साली प्रसिद्ध केली. दुसऱ्यांचे हावभाव पाहून उचलणं, संभाषण आधी मनात घोकून ठेवणं, नजरेला नजर मुद्दाम देणं अशा गोष्टी तिच्यात येतात. ती वाचताना आमच्या घरातल्या निम्म्या बायका डोळ्यांपुढून गेल्या. मी स्वतः फोन करण्याआधी कागदावर मुद्दे लिहून घेते, आणि त्यांत ‘पाऊस कसा आहे’ हाही एक असतो. आमच्या पिढीत याला कुणी लपवणं म्हटलं नाही. मुलीला चांगलं वळण आहे म्हणाले.

चाळणीच्या पुढे जायचं तर तज्ज्ञ गाठावा लागतो, आणि तो बालपणाकडे वळतो. निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकी नियमावली 2013 साली बदलली. अॅस्पर्गर हे वेगळं खातं तेव्हा बंद होऊन सगळं एकाच छत्राखाली आलं. खुणा मात्र लहानपणापासून हव्यात. पुढे शिकलेल्या युक्त्यांखाली त्या झाकल्या गेल्या असतील, हेही ती मान्य करते. म्हणजे साक्षीला आई, वय 80 च्या पुढे. ‘लहानपणी कशी होती?’ ‘फार गुणी हो. कोपऱ्यात तासन्‌तास बटणं रंगांप्रमाणे लावत बसायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात.’ डॉक्टर भराभरा लिहून घेतात आणि लेकीला प्रशस्तिपत्र मिळालं म्हणून आई सुखावते.

माझे गुण मधल्या पट्ट्यात आले, ना इकडचे ना तिकडचे. भाची हिरमुसली. पण ज्यांना एक समारंभ पार पाडला की दोन दिवस अंथरूण धरावं लागतं, ज्यांनी जन्मभर ‘शिष्ट’ आणि ‘माणूसघाणी’ ऐकून घेतलं, त्यांना उशिरा मिळालेलं नावही मोठा आधार देतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे त्या नावाला कागदोपत्रीही वजन आहे. काकांना त्या नावाची कमी गरज भासली, कारण त्यांच्या वाट्याला काकू आल्या होत्या. प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, आणि जी स्वतःच काकू आहे तिच्या वाट्याला तर कुणीच नाही.

म्हणून त्या 50 विधानांना माझी एक जोड: ‘माझ्यासाठी घरात कोण काय सांभाळून घेतं, हे मला ठाऊक आहे.’ इथे पाचवा पर्याय चालेल. खूण पेन्सिलीने करावी आणि खोडरबर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावं.